आधी अंग, मग आयुध



केरळातील कळरिप्पयट्टु या युद्धविद्येवरील पुस्तकाचा मराठी अनुवाद आता वाचकांच्या हाती येत आहे आणि त्या निमित्ताने अनुवादकाने चार शब्द बोलावेत अशी सूचना झाली. युद्धविद्येवर बोलण्याचा माझा अधिकार बेताचाच आहे. मराठी वाङ्मय घेऊन एम. ए. झालेल्या माणसाचा ढाल-तलवारीशी संबंध येतो तो पोवाड्यांपुरता. परंतु ही विद्या शिकवितात कशी, हा प्रश्न निघाला की अनुवादकाला त्यात थोडेफार बोलता येते. कारण कळरीत शिकविण्याचे मुख्य साधन बोललेला शब्द हे आहे. शिकविण्याच्या या रीतीविषयीच मी आज बोलणार आहे. लढाया, वीर आणि दंतकथा यांच्याविषयी पुस्तकात भरपूर मजकूर आहे, तो आपण वाचालच.

सुरुवात नावापासून करावी लागते. ‘कळरि’ म्हणजे शिकण्याची जागा आणि ‘पयट्टु’ म्हणजे सराव, कसरत, झुंज. कळरि केवळ शस्त्रांचीच असते असे नाही. मुले जेथे अक्षरे गिरवीत त्या शाळेलाही मल्याळममध्ये ‘एळुत्तुकळरि’ म्हणत, म्हणजे लिहिण्याची कळरि. टी. बरो या भाषापंडितांच्या मते संस्कृतातील ‘खलूरिका’, म्हणजे शस्त्राभ्यासाचे मैदान, हा शब्द द्राविडी ‘कळरि’वरून आलेला आहे. तमिळ आणि मल्याळम भाषांत ‘कळम्’ म्हणजे मळणीचे खळे आणि रणभूमीही. आपले ‘खळे’ याच कुळातले असावे, हे वाचून मला फार आनंद झाला होता. धान्य झोडपून दाणा आणि भूस वेगळे करण्याची जागा आणि माणसाचे शरीर घडविण्याची जागा यांना एकाच कुळातले शब्द मिळावेत, ही भाषेची करामत आहे.

कळरीला मराठीत ‘तालीम’ म्हणावे असा मोह साहजिकच होतो. साम्य पुष्कळ आहे. दोन्हीकडे माती आहे, अंगाला तेल आहे, कोपऱ्यात दैवत आहे, आत शिरताना भूमीला हात लावून तो कपाळी लावण्याची रीत आहे. आपल्याकडे वस्ताद आहेत, तिकडे ‘गुरुक्कळ’ आहेत. गंमत अशी की हा शब्द मुळात ‘गुरु’चे अनेकवचन आहे. एकाच माणसाला आदराने अनेकवचन लावायचे ही त्यांची रीत आपल्या परिचयाची आहे. इतके सारे जुळूनही मी अनुवादात ‘कळरि’ हाच शब्द ठेवला. आपल्या तालमीतला पोरगा जोर-बैठका काढता काढता लवकरच लाल मातीच्या हौद्यात उतरतो आणि समोरच्या जोडीदाराच्या अंगाशी अंग भिडवून शिकतो. दुसऱ्याच्या शरीराचा रेटा हाच त्याचा पहिला धडा असतो. उत्तर केरळच्या कळरीत पहिली काही वर्षे विद्यार्थी कोणाशी झटतच नाही. समोर शत्रू नाही, हातात शस्त्र नाही; असते केवळ स्वतःचे अंग. तालमीहून हा फरक इतका मूलभूत आहे की एका शब्दाने दोन्ही झाकणे मला प्रशस्त वाटले नाही.

ही जागा दिसते कशी ते थोडक्यात सांगते. परंपरेप्रमाणे कळरि जमिनीत खणलेली असते. पूर्व-पश्चिम लांबी बेचाळीस फूट, रुंदी त्याच्या निम्मी म्हणजे एकवीस फूट, आणि खोली साडेतीन ते चार फूट. वर झावळ्यांचे छप्पर. दार पूर्वेला. नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात ‘पूत्तरा’ नावाचा सात पायऱ्यांचा मातीचा ओटा असतो. ते कळरीचे दैवत. शेजारी गुरुपरंपरेचे स्थान असते. विद्यार्थी उजवा पाय आत टाकून उतरतो, भूमीला वंदन करतो, पूत्तरेपुढे जातो, गुरुक्कळांच्या पायांना हात लावतो आणि मगच सरावाला उभा राहतो. कळरि जमिनीत का खणावी याचे व्यावहारिक कारण असे सांगतात की तेल लावलेल्या, घामाने डबडबलेल्या अंगाला वारा लागू नये. कमरेला ‘कच्चा’ नावाचे लांब वस्त्र घट्ट गुंडाळलेले असते, कारण या विद्येत सारा जोर कंबर आणि ओटीपोट येथून उठतो. जून महिन्यात पाऊस सुरू झाला की जुन्या रीतीप्रमाणे सरावाचे मुख्य पर्व सुरू होते.

आता मूळ मुद्द्याकडे येते. अनुवादाच्या निमित्ताने उत्तर केरळात पावसाळ्यात काही दिवस राहण्याचा योग आला आणि एका कळरीत पहाटेचे वर्ग काठावर बसून पाहता आले. पहिल्या दिवशी मला सर्वांत जाणवली ती एक उणीव: शिकविणारा काहीही समजावून सांगत नव्हता. आठ-दहा वर्षांची मुले आणि पंचविशीतले तरुण एकाच रांगेत उभे होते. गुरुक्कळ एका बाजूला उभे राहून, ना गाणे ना बोलणे अशा सुरात, सलग काही म्हणत होते, आणि रांग त्या आवाजावर कळरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जात होती. पाय डोक्याच्या वर उचलत, खाली बसत, वळत, झेपावत परत येत होती. नवी मुले पुढच्याकडे पाहून जमेल तसे करीत होती. त्यांना कोणी थांबविले नाही. ‘असे नव्हे, असे’ एवढेही कोणी म्हणाले नाही.

गुरुक्कळ जे म्हणत होते त्याला ‘वाय्त्तारि’ म्हणतात. ‘वाय्’ म्हणजे तोंड. ‘तारि’ म्हणजे लयीत गुंफलेली शब्दमाला. केरळात तालवाद्यांच्या बोलांनाही हाच शब्द आहे. तबल्याचे बोल आधी तोंडाने म्हणावयाचे आणि मग बोटांनी वाजवावयाचे, ही रीत आपल्या ओळखीची आहे. तिच्यावरून वाय्त्तारीची थोडीशी कल्पना येईल. फरक एवढाच की तबल्याच्या बोलांना कोशातला अर्थ नसतो, वाय्त्तारीच्या शब्दांना असतो. ‘वलत्तु’ म्हणजे उजवा, ‘इडत्तु’ म्हणजे डावा, ‘अमर्न्नु’ म्हणजे खाली दबून बसून, ‘तिरिञ्ञु’ म्हणजे वळून, ‘चाडि’ म्हणजे उडी घेऊन. अशा साध्यासुध्या शब्दांची ती माळ असते.

येथे व्याकरणाविषयी थोडे बोलण्याची परवानगी घेते, कारण शिकविण्याची सारी किमया त्या व्याकरणातच आहे. वर सांगितलेली मल्याळम क्रियारूपे अपुरी आहेत. त्यांनी वाक्य पुरे होत नाही. पुढे काहीतरी येणार अशी अपेक्षा ती मागे ठेवतात. आपल्या मराठीतील ‘ऊन’ प्रत्ययाची रूपे नेमकी अशीच आहेत. पाय टाकून, खाली बसून, डावीकडे वळून, हात जोडून, झेप घेऊन, असे म्हणत गेले की ऐकणाऱ्याचे शरीर वाक्य संपण्याची वाट पाहत राहते. एक हालचाल दुसरीच्या पोटात शिरते. इंग्रजीत हेच सांगावयाचे तर प्रत्येक हालचाल सुटी आज्ञा होते: वळा, बसा, उडी मारा. आज्ञा सुट्या झाल्या की अंगही तुटक हलते. पुस्तकातील वाय्त्तारीचा भाग मराठीत आणताना मला जे सुख झाले ते या ‘ऊन’मुळे. दोन भाषांच्या रचनेत हे साम्य नसते, तर तो भाग भाषांतर न करता तसाच ठेवावा लागला असता.

शाळेतील कवायतीशी तुलना केली म्हणजे हे अधिक स्पष्ट होईल. कवायतीत शिक्षक ‘सावधान’ म्हणतो, आवाज थांबतो आणि मग मुलांचे पाय हलतात. हुकूम आधी, हालचाल नंतर. मधल्या क्षणात विद्यार्थी ‘आता मला काय करावयाचे आहे’ याचा विचार करतो. वाय्त्तारीत हा मधला क्षण नाहीसा करण्याचा सारा खटाटोप आहे. शब्द चालू असतानाच अंग चालू असते. गुरुक्कळ स्वर लांबवितात तेव्हा विद्यार्थी बैठकीत तेवढाच वेळ तोलून राहतो. स्वर तोडतात तेव्हा तो उसळतो. लय कमीजास्त करून ते एकाच पाठातून कधी मांड्यांचे बळ, कधी चपळाई, कधी श्वास यांची कसोटी घेतात. विद्यार्थी तोच पाठ वर्षानुवर्षे ऐकतो. हळूहळू त्याला शब्द ऐकू येणे बंद होते, असे एका ज्येष्ठ विद्यार्थ्याने मला सांगितले. आवाज थेट पायांत जातो, हे त्याचे शब्द.

या पहिल्या टप्प्याला ‘मेय्त्तारि’ म्हणतात. ‘मेय्’ म्हणजे अंग. त्यात पाय उचलण्याचे प्रकार आहेत, हत्ती, सिंह, घोडा, रानडुक्कर, साप, मोर, कोंबडा, मांजर अशा प्राण्यांवरून घेतलेले पवित्रे आहेत आणि या सर्वांची गुंफण केलेले अंगपाठ आहेत. पवित्र्यांची यादी परंपरेनुसार थोडी बदलते. प्राण्याची नक्कल करावयाची असा मात्र त्याचा अर्थ नाही. हत्तीच्या पवित्र्यात भार कसा जमिनीला देऊन राहावयाचा आणि तरीही हलावयास मोकळे कसे असावयाचे, हे अंगाने ओळखावयाचे असते. नवा विद्यार्थी पवित्र्याचा आकार आणतो. त्यातला भार यावयास वर्षे लागतात.

शब्दाखालोखाल दुसरे साधन स्पर्श. बोलून न सुधारलेली चूक गुरुक्कळ हाताने किंवा पायाने सुधारतात; गुडघा किंचित आत ढकलतात, कमरेवर दोन बोटे टेकवितात. परंतु खरा स्पर्श म्हणजे ‘उळिच्चिल’, तैलमर्दन. पावसाळ्यात विद्यार्थी कळरीच्या भूमीवर चटईवर पालथा पडतो आणि गुरुक्कळ वर बांधलेल्या दोराला धरून, आपला भार दोरावर तोलीत, पायांच्या तळव्यांनी त्याच्या सर्वांगाला मर्दन करतात. ठरावीक दिवसांचा हा क्रम असतो, त्या काळात आहाराचे, झोपेचे, ब्रह्मचर्याचे नियम असतात. त्याला शब्दही ‘पत्थ्यम्’ असाच आहे, आपले पथ्य. मर्दनाचा हेतू अंग लवचीक करणे हा आहेच. परंतु शिक्षणाच्या दृष्टीने मला दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. दरवर्षी प्रत्येक विद्यार्थ्याचे सारे अंग ज्याच्या तळपायाखालून जाते, त्या शिक्षकाला त्या अंगाची जी माहिती होते ती कोणत्याही परीक्षेने होणार नाही. कोणाचा खांदा जुन्या दुखापतीने आखडला आहे, कोण भीतीने पोट आवळून धरतो, कोणाच्या अंगात आता लाकूड हाती देण्याइतकी समज आली आहे, हे त्याला तेथे कळते. वरच्या वर्गात घालण्याचा निर्णय अशा रीतीने तळपायाने होतो, असे म्हटले तरी चालेल! कथकळीच्या शिक्षणातही पावसाळ्यातील मर्दन आहे. ते कळरीकडूनच तिकडे गेले.

अंग तयार झाले की ‘कोल्त्तारि’, म्हणजे लाकडी आयुधांचा टप्पा. लांब काठी, मग तीन वितींची आखूड काठी, जिला ‘चेरुवडि’ किंवा ‘मुच्चाण’ म्हणतात. ‘मुच्चाण’चा अर्थच तीन वीत असा आहे. येथे प्रथमच समोर दुसरा माणूस येतो. आखूड काठीचे पाठ अतिशय वेगाने चालतात, काठीवर काठी पडत असल्याचा आवाज खाली पडणाऱ्या पावसासारखा सलग येतो. पुढे ‘ओट्टा’ नावाचे हस्तिदंतासारख्या बाकाचे लाकडी आयुध येते. त्याच्या टोकाने शरीरावरील मर्मस्थानांचा वेध घ्यावयाचा असतो, म्हणून जाणकार त्याला सर्वांत नाजूक शिक्षण मानतात. त्यानंतर ‘अंकत्तारि’, म्हणजे धातूची शस्त्रे: कट्यार, तलवार आणि ढाल, भाला आणि कमरेला गुंडाळता येईल इतकी लवचीक ‘उरुमि’.

आणि सर्वांच्या शेवटी ‘वेरुंकै’, म्हणजे रिकामा हात.

हा क्रम वाचून मी थबकले होते. आपली सहज समजूत अशी की माणूस आधी हाताने लढतो, मग काठी घेतो, मग तलवार. उत्तर केरळच्या परंपरेत क्रम उलटा आहे. रिकाम्या हाताने लढणे म्हणजे मर्मांवर आघात करणे. सुश्रुतसंहितेत एकशे सात मर्मे सांगितली आहेत. उत्तरेकडील कळरि-परंपरा त्यांतून अभ्यासासाठी चौसष्ट मर्मे मुख्य मानते. ज्या ज्ञानाने बोटाच्या टोकाने माणूस जायबंदी करता येतो, त्याच ज्ञानाने तो बराही करता येतो. गुरुक्कळ हे गावचे हाडवैद्यही असत, आजही अनेक ठिकाणी आहेत. हे ज्ञान ज्याला द्यावयाचे त्याला आधी बारा वर्षे पाहून घेतलेले असते. त्याचा राग पाहिलेला असतो, हरल्यावर तो कसा वागतो हे पाहिलेले असते. शस्त्र सर्वांना दिसते, ते काढून घेता येते. रिकामा हात काढून घेता येत नाही. म्हणून तो शेवटी.

दक्षिण केरळात, तिरुवनंतपुरम आणि कन्याकुमारीच्या बाजूला, रीत वेगळी आहे, हे येथे सांगितले पाहिजे. तेथे परंपरेचा मूळपुरुष परशुराम नसून अगस्त्य मानतात, खणलेल्या कळरीचा आग्रह नसतो, आणि रिकाम्या हाताचे शिक्षण आरंभापासूनच असते. दोहोंपैकी श्रेष्ठ कोणती, या वादात पडण्याचे मला कारण नाही. मी जे म्हणते ते उत्तरेकडील पद्धतीला धरून आहे.

इतिहासाची फारशी चर्चा करीत नाही. पोर्तुगीज प्रवासी दुआर्ते बार्बोसा याने सोळाव्या शतकाच्या आरंभी मलबारात पाहिलेल्या गोष्टी लिहून ठेवल्या आहेत. नायर मुले सातव्या वर्षी अशा शाळांत घातली जातात आणि त्यांच्या अंगाला तिळाचे तेल चोळतात, असे तो सांगतो. सातवे वर्ष आणि तिळाचे तेल या दोन्ही गोष्टी आजही ऐकू येतात. विद्या मात्र एकट्या नायरांची नव्हती. उत्तर मलबारच्या गाथांतील आरोमल चेकवर आणि उण्णियार्चा ही भावंडे तिय्या समाजाची. त्यांतली उण्णियार्चा ही स्त्री, आणि तिची कीर्ती भावाहून कमी नाही. मुसलमान गुरुक्कळांच्याही परंपरा आहेत. पळश्शी राजाचा उठाव 1805 मध्ये मोडला गेला, आणि त्याच सुमारास इंग्रजांनी मलबारात शस्त्रे बाळगण्यावर कडक निर्बंध घातले. त्यानंतर शतकभर ही विद्या थोड्या घराण्यांत तग धरून राहिली. कोट्टक्कल कणारन गुरुक्कळ यांच्यासारख्या वृद्धांनी जे जपले ते विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तलश्शेरीकडील सी. व्ही. नारायणन नायर यांनी घेतले आणि जाहीर प्रात्यक्षिकांतून लोकांपुढे आणले. ते 1944 मध्ये, अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी वारले. त्यांच्या नावाची कळरि त्यांचे पुत्र गोविंदन्‌कुट्टी नायर यांनी 1956 मध्ये तिरुवनंतपुरमला उभी केली.

अशा इतिहासामुळे एक प्रश्न उभा राहतो आणि तो पुस्तकाशी, म्हणजे आपल्या साऱ्यांशी, निगडित आहे. जी विद्या मूठभर माणसांच्या स्मरणात शतकभर राहिली, तिचे किती अंश त्या माणसांबरोबर गेले असतील? मर्मांच्या पोथ्या शिष्याविना राहिल्या, गुरूने ‘योग्य शिष्य मिळाला नाही’ म्हणून शेवटचा पाठ दिलाच नाही, अशा हकिकती केरळात जागोजाग ऐकू येतात. आपल्याकडे संगीतातील घराण्यांच्या अशाच हकिकती आपण कौतुकाने सांगतो. मला त्यांचे कौतुक वाटत नाही. गुरूने विद्या लांबणीवर टाकणे ही एक गोष्ट आणि लपवून ठेवणे ही वेगळी गोष्ट. पहिलीत शिष्याचा विचार आहे. अंग तयार नाही, मन तयार नाही, म्हणून थांब, असे ती सांगते. दुसरीत गुरूच्या प्रतिष्ठेचा विचार असतो, फार तर भीतीचा. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात, म्हणून एकीच्या पुण्यावर दुसरी खपून जाते. चिरक्कल टी. श्रीधरन नायर यांनी मल्याळममध्ये कळरिप्पयट्टुवर ग्रंथ लिहून वाय्त्तारीसह पाठ छापले, मर्मांवरही स्वतंत्र लिहिले. त्यांनी ज्ञान उघड केले; परंतु ग्रंथ वाचून कोणी बारा वर्षांची वाट चुकवू शकला असे झालेले नाही. छापलेल्या पाठामुळे विद्या सवंग होईल ही भीती मला म्हणूनच अनाठायी वाटते. आपल्याकडे बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड काढले; त्यांनी कुस्ती सवंग झाली नाही. उलट जे डाव आता कोणी खेळत नाही तेही आपल्याला तेथे पाहता येतात.

खरा धोका दुसऱ्या बाजूने आहे. केरळ कळरिप्पयट्टु असोसिएशनची स्थापना 1958 मध्ये झाली, स्पर्धा सुरू झाल्या. 2020 च्या डिसेंबरात केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने गटका, थांग-ता आणि आपल्या मल्लखांबाबरोबर कळरिप्पयट्टुलाही ‘खेलो इंडिया’ युवा स्पर्धांत स्थान दिले. 2022 मध्ये पंचकुला येथे त्या स्पर्धा झाल्या, आणि 2023 मध्ये गोव्यातील राष्ट्रीय स्पर्धांतही कळरि होती. यातून मुलामुलींना उत्तेजन मिळते, प्रवासखर्च मिळतो, नोकरीच्या वेळी प्रमाणपत्र उपयोगी पडते. हे लहान लाभ नाहीत, आणि गरीब घरातील विद्यार्थ्याला ते त्यागावे असा उपदेश करण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणाला नाही. परंतु स्पर्धेला मोजता येईल असे काही लागते. उंच टांगलेल्या चेंडूला पायाने स्पर्श करण्याची स्पर्धा होऊ शकते. हत्तीच्या पवित्र्यातला भार कशाने मोजणार? मर्दनाच्या वेळी शिक्षकाच्या तळपायाला जे कळते त्याला गुण कसे देणार? जे मोजले जाते त्याचा सराव वाढतो आणि उरलेले हळूहळू गळते. मल्लखांबाच्या वस्तादांना विचारा, तेही काही निराळे सांगणार नाहीत. पर्यटकांसाठी होणाऱ्या तासाभराच्या खेळांविषयी तर बोलावयासच नको. तेथे उरुमि आरंभीच बाहेर निघते, कारण ती चमकते.

या ओढाताणीत ज्यांनी शिकविण्याचा क्रम ढळू दिला नाही अशी माणसे आहेत. वडकरा येथील मीनाक्षी अम्मा सातव्या वर्षी कळरीत उतरल्या. ज्या कळरीत त्या शिकवितात ती त्यांचे पती राघवन गुरुक्कळ यांनी 1949 मध्ये स्थापन केली होती. तेथे शिक्षणाचे शुल्क ठरलेले नाही. विद्यार्थी गुरुदक्षिणा देतात. मीनाक्षी अम्मांना 2017 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा त्यांचे वय पंचाहत्तरीच्या घरात होते. वृत्तपत्रांनी साडी नेसून तलवार चालविणाऱ्या आजींची छायाचित्रे छापली. लहान मुलींच्या रांगेपुढे उभे राहून त्या वाय्त्तारि म्हणतात, याचे छायाचित्र अर्थातच काढता येत नाही.

शेवटी थोडे स्वतःच्या सरावाविषयी. कळरीत येणारे सगळेच गुरुक्कळ होत नाहीत. बहुतेक जण शिक्षक, बसचालक, दुकानदार होतात. पहाटे अर्धा तास जुना पाठ मनातल्या मनात म्हणत करतात आणि कामाला जातात. शिक्षकाचा आवाज तोवर स्वतःच्या आत आलेला असतो. फिलिप झरिली हे अमेरिकन नाट्याभ्यासक 1976 मध्ये तिरुवनंतपुरमच्या कळरीत शिकावयास आले आणि पुढे नटांना शिकविण्यासाठी त्यांनी याच पाठांचा उपयोग केला. त्यांच्या 1998 मधील ग्रंथाचे नाव एका मल्याळम म्हणीवरून घेतले आहे; सारे अंगच डोळा व्हावे, असा तिचा आशय. मराठीत ‘जिवाचा कान करून ऐकणे’ आहे, ‘अंगाचे डोळे’ नाहीत. मी म्हणीचे भाषांतर जसेच्या तसे केले आहे. ऐकावयास ते थोडे विचित्र वाटेल, तरी वाटू द्यावे.

आता एक सूचना. पुस्तकाच्या परिशिष्टात पहिल्या दोन अंगपाठांची वाय्त्तारि दोन स्तंभांत छापली आहे, डावीकडे मल्याळम शब्द देवनागरीत आणि उजवीकडे मराठी. ती मनात वाचू नये. घरातील एकाने मोठ्याने, न थांबता म्हणावी आणि दुसऱ्याने उभे राहून जेवढे जमेल तेवढे करावे. म्हणणाऱ्याने मधे काही समजावून सांगू नये. तिसऱ्या-चौथ्या ओळीला करणारा अडखळेल. तेथून मागे न जाता पुढची ओळ म्हणावी. गुडघे दुखत असतील त्यांनी खाली बसण्याची जागा अर्ध्यावर सोडावी. आणि पायाखाली फरशी असेल तर तेल लावू नये, घसराल.